पंचांसमक्ष माहेर

संशय हा आमच्या घराण्याचा गुण आहे. वडील बाजारात नारळ घेताना एकेक कानाशी धरून हलवायचे आणि एखादा फारच छान वाजला तर तो बाजूला ठेवायचे. इतकं चांगलं असण्यात काहीतरी गोम असणार, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांचीच मुलगी. म्हणून पालिकेचा माणूस समाजमंदिराच्या दारात उभा राहून म्हणाला, की तुमच्यातले जे खरोखर बेघर आहेत त्यांना सरकारी भाड्याच्या खोल्या मिळतील, तेव्हा बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मी विचार करत बसले, की खरोखर कोण हे ठरवणार कोण.

आम्ही समाजमंदिरात कसे आलो ते आधी सांगते. नालासोपारा पूर्वेला आमची चार मजली इमारत होती. बांधणाऱ्याने ती कुणाच्या परवानगीने बांधली हे शेवटपर्यंत कळलं नाही, आणि भाडं घेणारा मालक खरा मालक होता की नाही, हेही नाही. नवरा गेल्यावर मी त्याच खोलीत राहिले. सकाळी छापखान्याची मुद्रितं तपासायची, संध्याकाळी मुलांच्या शिकवण्या. एका दुपारी जिन्याचा मोठा तुकडा खाली आला. कुणी दगावलं नाही, पण पालिकेने भिंतीवर 'अतिधोकादायक' असं रंगवलं, आम्हाला सामानासकट बाहेर काढलं आणि थोड्याच दिवसांत इमारत जमीनदोस्त केली. ज्यांना नातेवाईक होते ते तिकडे गेले. उरलेल्यांची सोय समाजमंदिरात झाली. तिथल्या सभागृहात दोऱ्यांवर साड्या आणि चादरी टाकून आम्ही आपापली बिऱ्हाडं थाटली.

नातेवाईक मलाही होते. माझं माहेर गासचं, म्हणजे स्टेशन ओलांडलं की रिक्षाने थोडंसंच अंतर. केळीची वाडी, भाजीचा मळा, फाटकाशी क्रूस आणि वडिलांच्या कौलारू घराच्या जागी दादाने बांधलेला बंगला. मी आधी तिथेच गेले होते, चार दिवस म्हणून. सोफ्यावर झोपायचे आणि सगळे उठायच्या आत चादर घडी करून ठेवायचे. पहिल्या रविवारी चर्चमधली मिस्सा संपल्यावर लोकांनी विचारलं, कशी आहेस. पुढच्या रविवारी विचारलं, अजून आहेस का. मग एकदा वहिनी चहा देताना फार गोड आवाजात म्हणाली, की तुमच्या शिकवणीची मुलं खोळंबली असतील. मी पिशवी भरली. मला कुणी जा म्हटलं नाही, हे खरंच आहे. माहेरात तसं कुणी म्हणत नाही.

समाजमंदिरात माझ्या साडीच्या अलीकडे सोलापूरकडचा एक रिक्षावाला होता, बायको आणि मुलींसह. पलीकडे मासळीवाली मावशी. ती अर्नाळ्याची, लग्न करून नालासोपाऱ्यात आली, विधवा झाली, मूलबाळ नाही. जुन्या इमारतीत तळमजल्यावर राहायची आणि पाटी घेऊन दारोदार फिरायची. मी तिच्याकडून कैक वर्षं मासे घेतले, पण ताजे आहेत का म्हणून कल्ला उघडून बघितल्याशिवाय एकदाही नाही. तिलाही ते माहीत होतं. मी दिसले की ती आधीच कल्ला उघडून दाखवायची आणि हसायची.

नव्या खोल्या आमच्या कुटुंबांपेक्षा कमी आहेत, हे कळलं आणि सभागृहाची हवाच बदलली. भिंतीला कान असतात म्हणतात. साडीला तर त्याहून मोठे. कुणी फोनवर हळू बोललं की शेजारचं भांडं घासायचं थांबे. एकाचा मेव्हणा म्हणे पालिकेत आहे, दुसरीने म्हणे माजी नगरसेवकाच्या बायकोला पापड नेऊन दिले. सोडत काढणार हे सगळ्यांना मान्य होतं, पण सोडतीवर विश्वास कुणाचाच नव्हता. आपल्या माणसांच्या चिठ्ठ्या आदल्या दिवशी फ्रिजमध्ये ठेवतात, हाताला गार लागली की उचलतात, असं रिक्षावाल्याच्या बायकोने सांगितलं. मला ते पटलं. इतकी साधी युक्ती सुचायला सरकारी डोकंच लागतं.

पण सोडत ही नंतरची गोष्ट. आधी पात्र ठरायचं होतं, आणि पात्रतेची मुख्य अट अशी, की अर्जदाराला वसई तालुक्यात दुसरं घर नसावं, स्वतःचं नाही आणि हक्काने राहता येईल असं घरच्यांचंही नाही. ही पाहणी करायला जे साहेब आले ते मला बघताक्षणी आवडले, कारण तेही संशयी होते. मऊ बोलायचे, स्वतःची पाण्याची बाटली घेऊन फिरायचे आणि कुणाच्याही हातचा चहा घ्यायचे नाहीत. त्यांनी एक पद्धत काढली होती. ज्याचं कोणी तालुक्यात आहे, त्या प्रत्येकाच्या मूळ घरी स्वतः जायचं आणि आमच्यातलेच दोघे पंच म्हणून बरोबर न्यायचे. तिथे जे बोललं जाईल ते पंचांसमक्ष लिहून घ्यायचं आणि पंचांनी सही करायची. बाहेरचे पंच मिळत नाहीत, असं कारण त्यांनी दिलं. खरं कारण कळायला फार अक्कल लागत नव्हती. एक अपात्र झाला की दुसऱ्याची खोली जवळ येते, तेव्हा पंचाइतका जागा माणूस दुसरा कोण असणार? काट्याने काटा काढायचा हा प्रकार होता.

गंमत अशी, की रिक्षावाल्याला यातलं काहीच आड आलं नाही. त्याचं घर, विहीर, रान सगळं होतं, पण सोलापूरकडे. तो स्वतःच हसून म्हणायचा, ताई, साहेब तिकडे कुठे येणार. तो पात्र झाला आणि आम्हा सगळ्यांचा कायमचा पंचही झाला, कारण रिक्षा त्याची होती. अडकलो ते आम्ही इथलेच, ज्यांची माहेरं जवळ होती.

मावशीवर माझा डोळा आधीपासून होता. रविवारी ती धुतलेली साडी नेसायची, पिशवीत केळी आणि बिस्किटांचे पुडे भरायची आणि साऱ्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायची, की घरी चालले, अर्नाळ्याला. घरी! मग इथे चादरीआड कशाला पडली आहेस, असं माझ्या तोंडावर यायचं. संध्याकाळच्या आत ती परत यायची. एकदाही तिकडे मुक्काम केला नाही. त्याचा अर्थ मी असा लावला, की इथली जागा राखायला येत असणार. बाई पक्की आहे. आज ते आठवलं की वाटतं, संशयी माणसाला दिसतं सगळं, फक्त तो ते जोडतो चुकीच्या ठिकाणी.

तिच्या पाहणीला पंच म्हणून साहेबांनी मला आणि रिक्षावाल्याला नेलं. अर्नाळ्याचं घर दुमजली निघालं, पुढे टाइल्स लावलेलं. शेजारी बांबूच्या मांडवावर बोंबील वाळत होते. मावशीचा भाऊ ओट्यावर जाळं सांधत बसला होता. आम्हाला बघून त्याने जाळं बाजूला सारलं आणि खुर्च्या आणल्या. मावशी मात्र खुर्चीवर बसली नाही, सरळ आत गेली आणि पाण्याचे ग्लास घेऊन आली, घरच्या बाईसारखी. आजूबाजूच्या दोन-तीन बायका काम टाकून बघायला उभ्या राहिल्या. साहेबांनी भावाला विचारलं, की हे घर कुणाचं. भावाने तोंड उघडायच्या आत मावशीच बोलली.

"आमचाच घर हाय. दुसऱ्या कोनाचा असनार?"

साहेबांनी पुन्हा विचारलं, म्हणजे तुम्ही इथे राहू शकता? ती म्हणाली, राहीन की, मना कोन नाय बोलनार? भाऊ खूश होऊन मान हलवत होता. साहेबांनी लिहिलं, आम्हाला ऐकलंत ना म्हणून विचारलं, आम्ही हो म्हटलं आणि सह्या केल्या. मला बरं वाटलं. इतक्या रविवारांचा माझा हिशेब बरोबर निघाला होता, आणि रांगेतलं एक माणूस कमी झालं होतं.

परतताना आगाशीच्या पुढे साहेब त्यांच्या दुसऱ्या कामासाठी उतरले. मग मावशीने रिक्षावाल्याला विचारलं, की साहेबांनी काय लिहिलं. तो बिचारा घुटमळला, शेवटी म्हणाला, तुमचं घर आहे असं लिहिलं मावशी, म्हणजे खोली नाही मिळणार. 

"मंग काय बोलनार व्हती मी?" ती म्हणाली. "भावाच्या दारात उभी राहून, चार बायांम्होरं बोलू, का ह्या माझा घर नाय?"

मग तिने सांगितलं, की बाप गेल्यावर तिने हक्कसोड दिली होती. घरातला, होडीतला आपला वाटा भावाच्या नावे सोडल्याची सही. दर भाऊबीजेला साडी येते. जेवायला घालतात, पोटभर. राहा म्हणून आजवर कुणी बोललं नाही आणि तिने कधी विचारलं नाही. मी ऐकून घेतलं आणि विश्वास ठेवला नाही. कालचा बांगडा आजचा म्हणून खपवणारी बाई, तिला गोष्ट रचता येत नसेल? पण हक्कसोडीपाशी मी जराशी अडखळले, कारण तशीच सही मीही केली होती. बहिणींनी वाटा मागायचा नाही, भावाने बहिणीला तोडायचं नाही, हा आमच्याकडचा न बोललेला करार. हिंदू असो की आमच्यासारखे ख्रिस्ती, यात कुणाचं काही वेगळं नाही.

तरी माझ्या बाबतीत हे असं होणार नाही, याची मला खात्री होती. दादा शिकलेला, सरळ बोलणारा. शिवाय मी कच्ची नव्हते. आदल्या दिवशी त्याला फोन करून सांगितलं, की साहेब येतील, माझं घर आहे का विचारतील, जे खरं आहे ते सांग. तो म्हणाला, सांगतो ना, त्यात काय. इतक्या पटकन म्हणाला, की फोन ठेवल्यावर मला तेच खटकत राहिलं.

गासला माझ्याबरोबर पंच म्हणून रिक्षावाला होता आणि मावशी होती. ती स्वतः अपात्र झाली होती, पण सही करायला तर चालत होती. मला ते आवडलं नव्हतं. जिच्या कागदावर मी सही केली, ती माझ्या कागदावर काय बघायला येते आहे हे मला समजत होतं, असं मला वाटत होतं.

दादाने अंगणात खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. वहिनीने सोनेरी काठाचे कप काढले होते, जे फादर घरी आले तरच बाहेर निघतात. कुंपणापलीकडे चुलतभावाच्या ओट्यावर दोघंतिघं बसली होती आणि आमच्याकडे बघत नाही असं दाखवत होती. साहेबांनी चहा नाकारला, आपल्या बाटलीतलं पाणी प्यायले आणि विचारलं, की ताईंचा या घरात हक्क किंवा राहण्याची सोय आहे का.

दादा उभा राहिला. त्याने हात पसरून घर दाखवलं.

"साहेब, हे तिचंच घर आहे," तो म्हणाला. "आमच्यात बहिणीला परकं मानत नाहीत. तिने कधीही यावं, तिला कोण अडवणार?"

आवाज मोठा होता. साहेब तर समोरच बसले होते, त्यांच्यासाठी एवढा आवाज लागत नव्हता. तो आवाज त्यांच्या डोक्यावरून कुंपणापलीकडे गेला आणि तिथे पोचला, हे मी पाहिलं. साहेबांनी पेन उघडलं.

त्या क्षणी माझ्या मनात इतके संशय एकदम उठले, की मला ते निवडता येईनात. याने मुद्दाम केलं का? बहीण गरिबांच्या इमारतीत राहते, असं गावाने म्हणू नये म्हणून? की सोफ्यावरचे ते दिवस तो खरंच विसरला? की उद्या मी वाटा मागेन अशी भीती वाटून आधीच गोड बोलून ठेवतो आहे? आणि सगळ्यात वाईट शंका ही, की तो मनापासून बोलत असला तर? मला राग आला आणि रडूही आलं. मी मावशीकडे बघितलं. ती खूश असेल, मला तीच शिक्षा होताना बघत असेल, असं मला वाटलं होतं. ती खाली मान घालून पायाच्या अंगठ्याने माती उकरत होती. एखाद्याला आपल्यादेखत दरडावलं जात असलं, की आपण जसं दुसरीकडे बघतो, तशी.

तेव्हा मला कळलं, की तिने सांगितलेलं सगळं खरं होतं. आणि हेही कळलं, की आता मी जे बोलेन त्याने एक तर खोली जाईल, नाहीतर माहेर.

"दादा," मी म्हटलं, "मग माझी खोली कुठली, ती साहेबांना दाखव."

तो हसला. मी हसले नाही. साहेब उठून उभे राहिले. मग दादाला आत जावंच लागलं आणि आम्ही सगळे त्याच्या मागे गेलो. त्याने एकेक दार उघडलं. त्यांची झोपायची खोली. मुलाची, भिंतभर क्रिकेटपटूंची चित्रं लावलेली. मग एक, होणाऱ्या सुनेसाठी आतापासून नवं कपाट आणून ठेवलेली. देवघर म्हणावं असा आल्तारचा कोपरा, त्यावर आई-वडिलांचे फोटो. शेवटी मागची खोली, जी आईची होती. तिथे खताच्या गोणी होत्या, केळी पिकवायच्या पेट्या होत्या, आणि भिंतीला टेकून आईची खाट उभी करून ठेवली होती. वहिनी मागून म्हणाली, की गोणी हलवल्या की तिथे आरामात खाट बसेल. दादा दाराच्या चौकटीला हात लावून उभा होता. जुन्या घरात वडील याच जागी, पावसाळ्यात खिडकी बंद आहे का बघायला उभे राहायचे. आता बंगला नवा होता, पण त्याचं उभं राहणं तसंच होतं.

"लिहा, साहेब," तो म्हणाला. आवाज आता कुंपणापर्यंत जाईल असा नव्हता. "नाही म्हणून लिहा."

साहेबांनी लिहिलं. रिक्षावाल्याने सही केली, मावशीने अंगठा न देता हळूहळू अक्षरं काढून सही केली. मी निघाले तेव्हा दादा बाहेर आला नाही. वहिनी फाटकापर्यंत आली आणि म्हणाली, चारचौघांत असं करायला नको होतं. तिचं बरोबर होतं.

रिक्षात मावशी माझ्या शेजारी बसली. तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तू इचारलास, बाय. मना नाय इचारता आला."

मी साहेबांना गाठून मावशीचं सांगितलं. तिच्या भावाला हाच प्रश्न विचारा, तिची झोपायची जागा कुठली ते दाखवायला सांगा. साहेब म्हणाले, की फेरपाहणी होऊ शकते, बाईंनी फक्त तशी मागणी करायला हवी. मी धावत जाऊन मावशीला सांगितलं. ती बोंबलाचे तुकडे करत होती. तिने मान हलवली. भाऊबीज जवळ आली आहे, म्हणाली. मी तिला समजावलं, चिडले, म्हटलं, एका साडीसाठी डोक्यावरचं छप्पर सोडतेस का. तिने सुरी खाली ठेवली. साडीसाठी नाही, ती म्हणाली. विचारलं तर तो नाही म्हणेल, आणि मग रविवारी मी कुठे जाऊ? मी विचारलं होतं, आणि माझे रविवार मोकळेच पडले होते.

सोडतीत माझं नाव निघालं. चिठ्ठी गार होती का, हे मी पुढे जाऊन उचलणाऱ्याला विचारणार होते, पण रिक्षावाल्याने मला मागे ओढलं. त्याचंही नाव निघालं होतं. इमारत विरारच्या टोकाला आहे, भरपूर वाऱ्याची, पण पाण्याची थोडी बोंब असलेली. किल्ली देताना नियम वाचून दाखवले: खोली विकायची नाही, पोटभाडेकरू ठेवायचा नाही, बाहेरच्या माणसाला राहू द्यायचं नाही, पाहणी केव्हाही होईल, न सांगता. समाजमंदिर रिकामं करायची वेळ आली तेव्हा मावशीची पाटी, स्टोव्ह आणि एक पिशवी एवढंच उरलं होतं. मी तिला म्हटलं, चल, चार दिवस. ती माझ्याकडे बघून हसली. चार दिवस म्हणजे काय, हे आम्हा दोघींना चांगलं ठाऊक होतं.

तिने आपली पिशवी माझ्या नव्या खोलीच्या दाराशी ठेवली आणि पिशवी तिथेच राहिली. कपाटात एक खण मी तिच्यासाठी रिकामा केला होता. तिने त्यात काही ठेवलं नाही. रोज साडी पिशवीतून काढायची, धुऊन वाळली की घडी करून पिशवीत. मला आधी वाटलं, माझ्यावर विश्वास नाही. मग आठवलं, की दादाकडे सोफ्यावरची चादर मीही अशीच घडी करत होते.

नाताळच्या आधी दादा आला. भाजीच्या टेम्पोत आईची खाट टाकून. आम्ही दोघांनी मिळून ती वर चढवली, त्याने स्वतः फळ्या बसवल्या, खिडकीतून बाहेर बघितलं आणि म्हणाला, हवा चांगली आहे. पाणी प्यायला आणि गेला. मी अजून विचार करते, की ती खाट त्याने मला दिली, की आईच्या खोलीत यायचं माझं शेवटचं निमित्त काढून टाकलं. विचारलं तर तो खरं सांगेल. म्हणूनच विचारलेलं नाही. मावशीला आधीच कळलेला धडा मलाही कळला, जरा उशिरा.

मावशी त्या खाटेवर झोपायला लागली, मी खाली गादीवर. आणि एका सकाळी दार वाजलं. उघडलं, तर साहेब. हातात तीच बाटली. खोली बघायची आहे, म्हणाले. मावशी खाटेवर बसून केस विंचरत होती. साहेबांनी खाट बघितली, गादी बघितली, ओट्यावर निथळत ठेवलेल्या दोन ताटांवर त्यांची नजर गेली, दाराशी ठेवलेल्या पिशवीवर गेली. त्यांचा संशय माझ्या ओळखीचा होता. त्यांच्या जागी मी असते तर मीही याच क्रमाने बघितलं असतं. त्यांनी मऊ आवाजात विचारलं, की या बाई इथे राहतात का. हो म्हटलं तर खोली जाईल. नाही म्हटलं तर मी तेच करेन, जे आमच्या दोघींच्या भावांनी केलं: आपलं म्हणायचं, पण जागा द्यायची नाही.

"मी कशाला इथं ऱ्हाऊ?" मावशी म्हणाली. फणी तशीच हातात होती. "पावनी आलीय. माझा घर हाय ना अर्नाल्याला. तुमीच तं लिवलाव, साहेब."

साहेबांनी पुन्हा एकदा खाटेकडे बघितलं. मग म्हणाले, हो, आठवतंय, दुमजली. त्यांनी आपल्या कागदावर खूण केली आणि पलीकडच्या दाराकडे गेले.

मी दार लावलं. मावशी उठली, केसांची गाठ मारली आणि पिशवीकडे वळली. आता ती जाणार, असं मला वाटलं, आणि मी तिच्या आधी पोचले. पिशवी उचलली आणि आईच्या खाटेखाली, पार भिंतीपर्यंत सरकवली. मावशीने पाटी उचलली. तिने विचारलं, की आज काय आणू, बांगडे की पापलेट. मी म्हटलं, काहीही आण. त्या दिवशी मी कल्ला उघडून बघितला नाही.